संकेतस्थळ विकताना आणि विकत घेताना: किंमत नंतर, ताबा आधी

कोल्हापुरात गाळा घेणारा माणूस आधी मिळकत पत्रिका पाहतो, शेजारच्या दुकानदाराशी चहाच्या निमित्ताने बोलून घेतो, जुन्या भाडेकरूचा काही दावा शिल्लक आहे का याची चौकशी करतो आणि मगच इसार देतो. हाच माणूस एखादा चालता ब्लॉग किंवा ऑनलाइन दुकान विकत घ्यायला निघाला की महिन्याला किती लोक येतात आणि जाहिरातीचे किती पैसे मिळतात, एवढ्या दोन प्रश्नांवर आकडा ठरवून मोकळा होतो. कर आणि करारांच्या कामानिमित्ताने असे काही व्यवहार मला जवळून पाहता आले. त्यांतले जे फिसकटले, त्यांत किंमत चुकल्यामुळे फिसकटलेले थोडे होते. आपण नेमके काय दिले आणि नेमके काय घेतले, याविषयी दोघांच्या मनात वेगवेगळे चित्र होते, हेच कारण बहुतेक ठिकाणी दिसले.

ही चूक फक्त लहान गावांतले लोक करतात असे समजू नये. ऑनलाइन बाजारपेठ चालवणाऱ्या ईबे या कंपनीने २००५ मध्ये इंटरनेटवरून बोलण्याची सेवा देणारी स्काइप सुमारे २६० कोटी डॉलरना विकत घेतली. परंतु स्काइप ज्या मूळ तंत्रज्ञानावर चालत होती, त्याची मालकी संस्थापक निकलास झेनस्ट्रॉम आणि यानुस फ्रीस यांच्या जोल्टिड या वेगळ्या कंपनीकडेच राहिली होती. स्काइपला ते केवळ परवान्यावर वापरता येत होते. ईबे २००९ मध्ये स्काइप पुढे विकायला निघाली तेव्हा हा वाद न्यायालयात गेला, आणि संस्थापकांना नव्या रचनेत १४ टक्के हिस्सा देऊन तो मिटवावा लागला. एवढी मोठी रक्कम देऊनही घराची एक किल्ली जुन्या मालकाच्या खिशातच राहिली होती.

हे मार्गदर्शन काही लाखांपासून एक-दोन कोटींपर्यंतच्या व्यवहारांसाठी आहे. ऊसशेतीचा सल्ला देणारे ब्लॉग, चपला किंवा हुपरीचे चांदीचे दागिने विकणारी ऑनलाइन दुकाने, स्पर्धा परीक्षांच्या टिपणांची संकेतस्थळे, कुस्तीच्या मैदानांचे चित्रीकरण दाखवणाऱ्या वाहिन्या आणि त्यांच्यासारखे इतर व्यवसाय येथे डोळ्यांसमोर ठेवले आहेत.

व्यवहाराचा प्रकार

वर्तमानपत्रांत सरसकट ‘विलीनीकरण’ हा शब्द वापरला जात असला, तरी या आकाराच्या व्यवहारांत खरे विलीनीकरण क्वचितच होते. कंपनी कायदा, २०१३ च्या कलम २३० ते २३२ खालील विलीनीकरणासाठी राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाच्या मुंबई पीठाकडे जावे लागते. लहान कंपन्यांसाठी कलम २३३ चा तुलनेने जलद मार्ग आहे, पण पंधरा-वीस लाखांच्या ब्लॉगसाठी तोही पेलवत नाही. दोन्ही बाजूंना खरोखर एकत्र काम करायचे असेल, तर एकाने दुसऱ्याचा व्यवसाय विकत घ्यावा आणि विकणाऱ्याला मोबदल्याचा काही भाग हिश्श्याच्या रूपाने द्यावा. हे स्वस्त पडते.

मग व्यावहारिक मार्ग तीन उरतात. पहिल्यात डोमेन (संकेतस्थळाचा नोंदवलेला पत्ता), मजकूर, नाव आणि खाती अशा ठरावीक वस्तू तेवढ्या विकत घेतल्या जातात. दुसऱ्यात चालता व्यवसाय त्याच्या देण्याघेण्यासकट एकरकमी घेतला जातो, ज्याला आपले सीए स्लंप सेल म्हणतात. तिसऱ्यात कंपनीचे शेअर्स घेतले जातात. कोल्हापुरातील बहुतेक ब्लॉग आणि ऑनलाइन दुकाने एकल मालकीची असतात आणि कायद्याच्या दृष्टीने मालक व व्यवसाय ही दोन वेगळी अस्तित्वे नसतात, त्यामुळे तेथे शेअर्स घेण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. ‘माझ्या ब्लॉगचे ४० टक्के शेअर्स देतो’ असे कोणी म्हणाले, तर त्याला भागीदारी म्हणायची आहे की नुसता नफ्यातील वाटा, हे आधी विचारावे.

समोर खासगी कंपनी असेल तर शेअर्स घेणे वरवर सोपे वाटते. करार, बँक खाते, जीएसटी क्रमांक जागच्या जागी राहतात आणि शेअर्सच्या किमतीवर ०.०१५ टक्के मुद्रांक शुल्क भरून हस्तांतरण होते. पण कंपनी घेतली की तिची जुनी पापेही आपली होतात. न भरलेला कर, कोणाच्या छायाचित्राच्या चोरीची नोटीस, संचालकाने दिलेली हमी, हे सारे नव्या मालकाच्या उंबऱ्यावर येते. म्हणून पहिल्यांदाच खरेदी करणाऱ्याने ठरावीक वस्तू घेण्याचा मार्ग धरावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

आकडा कसा काढावा

संकेतस्थळांच्या बाजारात किंमत बहुधा मासिक निव्वळ नफ्याच्या पटीत बोलली जाते. पट किती असावी यावर घासाघीस होतेच, पण खरा घोटाळा ‘निव्वळ नफा’ या शब्दात असतो. समजा, एका शेतीविषयक ब्लॉगला जाहिरातींतून महिन्याला ६०,००० रुपये मिळतात. होस्टिंग (संकेतस्थळ ठेवायला भाड्याने घेतलेली जागा) आणि इतर सेवांवर ३,००० व बाहेरच्या लेखकांवर १२,००० खर्च होतात. मालक म्हणेल, माझा नफा ४५,००० आहे. तीस पट धरली तर साडेतेरा लाख झाले. परंतु तोच मालक रोज तीन तास संपादन करतो, शेतकऱ्यांच्या प्रश्नांना उत्तरे देतो आणि त्या श्रमाचे मोल कोठेच धरलेले नसते. त्या कामासाठी माणूस ठेवायला १५,००० लागणार असतील, तर नफा ३०,००० आणि किंमत नऊ लाख. साडेचार लाखांचा हा फरक मालकाच्या घामाचा आहे, आणि तो घाम विक्रीबरोबर येत नाही.

उत्पन्न कधीही एका महिन्यावरून मोजू नये. ऊस सल्ल्याच्या संकेतस्थळावर लागणीच्या दिवसांत आणि गळीत हंगामाच्या तोंडावर गर्दी होते, दर जाहीर होण्याच्या काळात ती वाढते आणि मध्येच ओसरते. चपलांचे दुकान लग्नसराई व दिवाळीत फुलते. निदान चोवीस महिन्यांचे आकडे मागावेत आणि ते विक्रेत्याने पाठवलेल्या चित्रांवरून न घेता जाहिरात खात्याचा अहवाल, बँक विवरण, जीएसटी विवरणपत्रे आणि आयकर खात्याचे वार्षिक माहिती विवरण या चारही ठिकाणी जुळवून पाहावेत. एका ठिकाणी जास्त आणि दुसऱ्या ठिकाणी कमी आकडा दिसला की विक्रेता सहज म्हणतो, ‘थोडे इकडे-तिकडे असतेच.’ ते असते हे खरे, पण जे उत्पन्न कराच्या कागदावर दाखवले नाही, त्याची किंमत खरेदीदाराने का मोजावी, याला माझ्याजवळ उत्तर नाही.

आणखी एक गोष्ट किमतीत धरावी लागते: वाचक कोठून येतात. सत्तर-ऐंशी टक्के वाचक गुगलच्या शोधातूनच येत असतील, तर त्या कंपनीने आपली क्रमवारीची पद्धत बदलताच उत्पन्न अर्ध्यावर येऊ शकते. २०११ च्या ‘पांडा’ बदलानंतर जगभरातील कितीतरी मजकूर-संकेतस्थळांनी हे अनुभवले आहे. उलट, ज्या ब्लॉगचे नाव लोक स्वतः टंकून येतात किंवा ज्याच्या ईमेल यादीतील लोक पत्र उघडून वाचतात, त्याला जास्त पट देण्यात शहाणपण आहे.

मोठ्या आकड्यांनी हुरळून जाऊ नये म्हणून दोन उदाहरणे. राजेश जैन यांची इंडियावर्ल्ड ही संकेतस्थळे (समाचार, खेल, खोज, बावर्ची) नोव्हेंबर १९९९ मध्ये सत्यम इन्फोवेने ४९९ कोटी रुपयांना घेतली, आणि त्या बातमीने आपल्याकडे एका पिढीला इंटरनेटचे वेड लावले. न्यूज कॉर्पने २००५ मध्ये मायस्पेस या समाजमाध्यमासाठी ५८ कोटी डॉलर मोजले आणि २०११ मध्ये तीच मालमत्ता साडेतीन कोटी डॉलरना विकली. दोन्ही किमती त्या त्या वेळी खऱ्याच होत्या. काळ वगळून आकडा सांगणाऱ्याशी व्यवहार करू नये.

तपासणी: दोन वेळची धार

गंगावेशीच्या दूधकट्ट्यावर समोर काढलेले धारोष्ण दूध पिणाऱ्या या शहराला तपासणी म्हणजे काय हे शिकवायची गरज नाही. म्हैस घेणारा माणूस विक्रेत्याच्या तोंडचे लिटर ऐकत नाही. तो सकाळ-संध्याकाळ दोन्ही धारांना स्वतः उभा राहतो, कारण एक वेळची धार न काढता कास तटतटलेली दाखवण्याची युक्ती त्याला माहीत असते. संकेतस्थळांच्या जगात हीच युक्ती विकत घेतलेल्या वाचकसंख्येची असते. विक्रीच्या आधी तीन-चार महिने बनावट भेटी आणल्या जातात आणि आलेख तटतटलेला दिसतो. म्हणून विक्रेत्याच्या शेजारी बसून, त्याच्याच यंत्रावर, वाचकसंख्येचे खाते उघडून पाहावे. मराठी ब्लॉगला मध्यरात्री परदेशातल्या अनोळखी गावातून हजारो लोक येऊन चार सेकंदांत परत जात असतील, तर येथेही एक धार मुद्दाम राखली आहे असे समजावे.

त्यानंतर डोमेन कोणाच्या नावावर आहे ते पाहावे. आपल्याकडे हा सर्वांत मोठा आणि सर्वांत क्षुल्लक वाटणारा दोष आहे. पाच-सहा वर्षांपूर्वी कोणा ओळखीच्या वेबसाइट बनवणाऱ्या मुलाने आपल्याच खात्यातून डोमेन घेतलेले असते, मालक दरवर्षी त्याला नूतनीकरणाचे पैसे देतो आणि ते आपलेच आहे असे समजतो. मी पाहिलेल्या एका व्यवहारात रक्कम ठरली, पेढे वाटले गेले आणि मग कळले की तो मुलगा पुण्याला गेला आहे, त्याचा जुना ईमेल बंद आहे आणि डोमेनची मुदत सतरा दिवसांत संपते आहे. ते नाव अखेर मिळाले, पण त्या सतरा दिवसांत विक्रेत्याने किंमत स्वतःहून खाली आणली. तेव्हा विकायचा विचार मनात येताच, गिऱ्हाईक शोधण्याच्याही आधी, डोमेन स्वतःच्या खात्यात आणून किमान दोन वर्षांचे नूतनीकरण करून ठेवावे.

मजकुराच्या मालकीकडे आता थोडे सविस्तर वळतो, कारण ब्लॉगच्या व्यवहारात खरी मालमत्ता तीच असते आणि तिच्याविषयी सर्वाधिक गैरसमज आहेत. ‘लेखकाला पैसे दिले म्हणजे लेख माझा झाला’ हे कॉपीराइट कायदा, १९५७ ला मान्य नाही. नोकरीवर असलेल्या माणसाने नोकरीचा भाग म्हणून लिहिलेला मजकूर सामान्यतः मालकाचा होतो, परंतु दर लेखामागे मानधन घेणाऱ्या बाहेरच्या लेखकाने लिखित आणि सहीनिशी हस्तांतरण केले नसेल, तर पहिला हक्क त्या लेखकाचाच राहतो. असे हस्तांतरण केलेले असले तरी त्यात मुदत लिहिली नसेल तर कलम १९ नुसार ती पाच वर्षांचीच धरली जाते, आणि प्रदेश लिहिला नसेल तर हक्क भारतापुरताच समजला जातो. इंटरनेटवरच्या मजकुराला भारताची सीमा घालून काय उपयोग? म्हणून जुन्या प्रत्येक लेखकाकडून ‘संपूर्ण मुदतीसाठी, संपूर्ण जगासाठी, सर्व माध्यमांसाठी’ असे शब्द असलेले पत्र विक्रेत्याने आणून द्यावे, ही अट खरेदीदाराने घालावी. छायाचित्रांची गोष्ट निराळी आहे: एखाद्याने पैसे देऊन काढून घेतलेल्या छायाचित्राचा पहिला मालक, उलट करार नसेल तर, पैसे देणारा असतो. म्हणजे चपलांच्या दुकानासाठी छायाचित्रकाराकडून काढून घेतलेली चित्रे दुकानाची असतात, पण त्यांखालचा मजकूर लिहिणाऱ्याचा असू शकतो. गुगलवरून उचललेली चित्रे तर विकताच येत नाहीत. ती विक्रीआधी काढून टाकावीत.

लेखकांना गृहीत धरण्याचा मामला अमेरिकेतही गाजला होता. एओएल या इंटरनेट कंपनीने फेब्रुवारी २०११ मध्ये हफिंग्टन पोस्ट हे बातम्या व ब्लॉगचे संकेतस्थळ साडेएकतीस कोटी डॉलरना घेतले आणि तेथे विनामूल्य लिहिणाऱ्यांच्या वतीने त्या रकमेत वाटा मागणारा दावा दाखल झाला. २०१२ मध्ये न्यायालयाने तो फेटाळला. तरीसुद्धा ज्यांच्या जिवावर वाचक येतात त्यांची नाराजी खरेदीच्या दिवशी विकत घेणे परवडत नाही.

नावाबद्दलही सावध असावे. ट्रेडमार्क नोंदवलेला असेल तर त्याचे हस्तांतरण लेखी करून नोंदणी कार्यालयात कळवावे लागते. परंतु नावात ‘कोल्हापुरी’ हा शब्द आहे म्हणून कोणी जादा रक्कम मागत असेल, तर ती देऊ नये. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, ते महाराष्ट्र व कर्नाटकातील प्रत्येकी चार जिल्ह्यांतील कारागिरांसाठी आहे, आणि असे मानांकन कायद्याने कोणाला विकता किंवा गहाण टाकता येत नाही. डोमेन विकता येईल, त्यातील शब्दावरची मक्तेदारी विकता येणार नाही.

ग्राहकांचे दूरध्वनी क्रमांक आणि ईमेल याद्या हल्ली ‘डेटाबेस’ म्हणून मोठ्या अभिमानाने दाखवल्या जातात. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ चा गाभा असा की माणसाने ज्या कामासाठी संमती दिली त्याच कामासाठी त्याची माहिती वापरावी. खताच्या मात्रेची माहिती हवी म्हणून क्रमांक देणाऱ्या शेतकऱ्याला उद्या नव्या मालकाने विम्याचे संदेश पाठवले, तर ती संमती पुरत नाही. यादीतील लोकांना मालक बदलत असल्याचे कळवून बाहेर पडण्याची सोय द्यावी. माहिती पूर्वी कधी फुटली होती का, हेही लेखी विचारावे. याहूच्या विक्रीत माहितीचोरीच्या जुन्या घटना करारानंतर उघड झाल्या आणि खरेदीदार व्हेरायझनने ठरलेल्या ४८३ कोटी डॉलरांतून ३५ कोटी डॉलर कमी करून घेतले.

बातम्या देणारे संकेतस्थळ असेल आणि खरेदीदारामागे परदेशी पैसा असेल, तर डिजिटल वृत्तमाध्यमांत परकीय गुंतवणुकीला २६ टक्क्यांची मर्यादा आहे व तीही सरकारी मंजुरीने, एवढे लक्षात ठेवावे.

कागद

इसार देण्याआधी दोन पानांचे इरादापत्र करावे. त्यात गुप्ततेची अट, तपासणीसाठी चार ते सहा आठवडे आणि तेवढ्या काळात विक्रेत्याने दुसऱ्याशी बोलणी करू नयेत ही अट असावी. ऑनलाइन दुकानाच्या पुरवठादारांची नावे गुप्ततेचा कागद सही होईपर्यंत दाखवू नयेत. खरेदीदार म्हणून आलेला स्पर्धक माहिती घेऊन गेल्याची तक्रार मी एकाहून अधिक वेळा ऐकली आहे.

मुख्य कराराचे हृदय त्याच्या परिशिष्टात असते. डोमेन, उपडोमेन, मजकुराची प्रत, मांडणीचा कोड आणि त्याचे परवाने, बोधचिन्हाची मूळ फाइल, समाजमाध्यमांवरील पाने, यूट्यूब वाहिनी, व्हॉट्सअॅप बिझनेसचा क्रमांक, अॅप, ईमेल पत्ते आणि लेखकांची हस्तांतरणपत्रे या प्रत्येकाची ओळ तेथे असावी, आणि प्रत्येक ओळीपुढे ते आज कोणाच्या नावावर आहे व ताब्याच्या दिवशी कोणाच्या नावावर होईल हे लिहावे. जे दिले जाणार नाही तेही लिहावे. स्काइपच्या परिशिष्टात ही एक ओळ ठळक असती तर संबंधितांची झोप बरीच वाचली असती, असे मला उगाचच वाटते.

‘विक्रेत्याने पुन्हा तसाच ब्लॉग काढू नये’ ही अट सर्वांनाच हवी असते. भारतीय करार कायदा, १८७२ चे कलम २७ धंदा करण्यास मनाई करणारे करार रद्दबातल ठरवते. मात्र नावलौकिकाच्या (गुडविल) विक्रीला त्यात अपवाद आहे: विकणाऱ्याने तोच धंदा ठरावीक स्थानिक मर्यादेत करू नये, अशी वाजवी अट घालता येते. यावरून दोन गोष्टी निघतात. करारात नावलौकिक विकल्याचा स्पष्ट उल्लेख हवा, आणि मनाई नेमकी व माफक हवी. ‘मराठी भाषेतील ऊसशेतीविषयक संकेतस्थळ किंवा वाहिनी, महाराष्ट्रात, तीन वर्षे’ ही अट टिकण्याची शक्यता आहे. ‘इंटरनेटवर कायमचे काही लिहू नये’ ही टिकणार नाही, आणि टिकूही नये.

रक्कम एकाच वेळी देऊ-घेऊ नये. इसारानंतर ताब्याच्या दिवशी मोठा हप्ता आणि उरलेले पंधरा-वीस टक्के नव्वद दिवसांनी, अशी विभागणी दोघांनाही झोपू देते. पुढील वर्षाच्या उत्पन्नावर शेवटचा हप्ता बांधण्याची पद्धतही आहे, पण मग उत्पन्न कसे मोजायचे आणि त्या वर्षात खर्चाचे निर्णय कोणी घ्यायचे, हे लिहिले नाही तर भांडण अटळ असते. विक्रेत्याने अशा हप्त्याला मिळाला तर मिळाला एवढीच किंमत द्यावी. ‘थोडे रोखीने’ हा आपल्याकडचा जुना आग्रह येथे साफ नाकारावा. एका व्यवहारात दोन लाख किंवा त्याहून अधिक रक्कम रोख स्वीकारली तर तेवढाच दंड घेणाऱ्याला होऊ शकतो.

कराच्या बाबतीत दोघांचे हित एकमेकांविरुद्ध जाते, म्हणून प्रत्येकाने आपला सीए वेगळा ठेवावा. चालता व्यवसाय संपूर्ण किंवा त्याचा स्वतंत्र भाग म्हणून दिला तर त्या हस्तांतरणावर जीएसटी लागत नाही. सुटी मालमत्ता विकली आणि विक्रेता नोंदणीकृत असला तर लागतो. विक्रेत्याला स्लंप सेल सोयीचा पडतो, कारण व्यवसाय ३६ महिन्यांहून जुना असेल तर नफा दीर्घकालीन धरला जातो. मात्र त्यात एकेका वस्तूला वेगळी किंमत लावायची नसते. खरेदीदाराला याच्या उलट हवे असते. २०२१ पासून नावलौकिकावर घसारा मिळत नाही. ट्रेडमार्क आणि कॉपीराइट यांसारख्या हक्कांवर तो मिळतो, म्हणून त्याला किंमत वस्तूवार फोडून हवी असते. ही बोलणी आकडा ठरण्याआधीच करावीत. नवा आयकर कायदा १ एप्रिल २०२६ पासूनचा असून त्यात कलमांचे क्रमांक बदलले आहेत, त्यामुळे कोणाकडून मिळालेला जुना मसुदा तसाच उतरवू नये.

करार पाचशे रुपयांच्या स्टॅम्पवर करून नोटरी केला की झाले, अशी समजूत आहे. कोणत्या वस्तूच्या हस्तांतरणावर किती मुद्रांक शुल्क बसते हे वकिलाकडून ठरवून घ्यावे, कारण अपुऱ्या मुद्रांकाचा कागद गरजेच्या दिवशी न्यायालयात पुढे सरकत नाही. वादासाठी लवादाची अट घालून स्थळ कोल्हापूर लिहावे. ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच कोल्हापुरातच सुरू झाल्याने पुढच्या पायरीसाठीही मुंबईची फेरी आता बहुधा वाचते.

ताब्याचा दिवस

या दिवशी दोघांनी एका टेबलाशी, सकाळी, कामकाजाच्या वारी बसावे. शनिवारी संध्याकाळी ताबा घेऊ नये, कारण काही अडले तर बँक आणि होस्टिंगवाला दोघेही सोमवारीच भेटतात.

सर्वप्रथम मजकूर आणि डेटाबेसची पूर्ण प्रत घेऊन ती दुसऱ्या ठिकाणी प्रत्यक्ष चालवून पाहावी. नंतर डोमेन. विक्रेत्याचे ज्या निबंधकाकडे (डोमेन नोंदवून देणाऱ्या कंपनीकडे) खाते आहे तेथेच खरेदीदाराने खाते उघडून आतल्या आत हस्तांतरण करणे सर्वांत सुरक्षित असते. एका निबंधकाकडून दुसऱ्याकडे न्यायचे असेल तर विशेष संकेतशब्द लागतो, आणि डॉट कॉमसारख्या नावांना अशा बदलानंतर सामान्यतः साठ दिवस पुन्हा हलवता येत नाही. डोमेन नव्या खात्यात दिसल्याखेरीज मोठा हप्ता सोडू नये. आणि विक्रेत्याने तो हप्ता बँकेत जमा झाल्याखेरीज होस्टिंगचे मूळ अधिकार सोडू नयेत. कोणी आधी हात सोडायचा हा पेच मोठ्या रकमेत बँकेच्या एस्क्रो खात्याने (अटी पूर्ण होईपर्यंत रक्कम तिऱ्हाइताकडे राखून ठेवणाऱ्या खात्याने) आणि लहान रकमेत दोघांच्या विश्वासातल्या वकिलाने सुटतो.

गुगलची जाहिरात खाती एकाकडून दुसऱ्याकडे देता येत नाहीत. खरेदीदाराला स्वतःच्या मंजूर खात्याचा कोड बसवावा लागतो, आणि तसे खाते नसेल तर मंजुरी येईपर्यंत उत्पन्न शून्य राहते. म्हणून हा अर्ज महिनाभर आधी करावा, तसेच संकेतस्थळावरील ‘अॅड्स डॉट टीएक्सटी’ ही, तेथील जाहिरातींची जागा विकायला कोण अधिकृत आहे ते सांगणारी, फाइल बदलायला विसरू नये. ऑनलाइन दुकानाच्या पेमेंट गेटवेचेही (ग्राहकांचे पैसे ऑनलाइन स्वीकारणाऱ्या सेवेचेही) असेच आहे: केवायसी नव्या मालकाचे, खाते नवे. यूट्यूब वाहिनीची मुख्य मालकी देण्याआधी नवा माणूस किमान सात दिवस तेथे जोडलेला असावा लागतो. गुगलच्या शोधात संकेतस्थळ कसे दिसते ते मालकाला दाखवणाऱ्या सर्च कन्सोलमध्ये नव्या मालकाची पडताळणी करून जुन्या मालकाच्या पडताळणीच्या खुणा पुसाव्यात, नाहीतर तो महिन्यांनंतरही आत डोकावू शकतो. मनात काही नसले तरी तसे करू शकतो, एवढेच पुरे.

सर्वांत शेवटी येतो तो ओटीपीचा प्रश्न, आणि बहुतेक ताबे येथेच अडकतात. पासवर्ड सगळे मिळालेले असतात, पण दुसऱ्या पायरीचा आकडा विक्रेत्याच्या, कित्येकदा त्याच्या पत्नीच्या किंवा भावाच्या मोबाइलवर जातो. प्रत्येक खात्यातील दूरध्वनी क्रमांक, पर्यायी ईमेल आणि राखीव संकेत त्याच बैठकीत बदलावेत. व्हॉट्सअॅपवर ऑर्डर घेणारे दुकान असेल तर सिमकार्डच रीतसर नव्या मालकाच्या नावावर करून घ्यावे, कारण ग्राहकांच्या लेखी तो क्रमांक म्हणजेच दुकान असते.

पहिले नव्वद दिवस

नव्या मालकाला पहिल्या आठवड्यातच रंग, मांडणी आणि नाव बदलण्याची हौस असते. ती आवरावी. पानांचे पत्ते बदलायचेच असतील तर प्रत्येक जुन्या पत्त्यावरून नव्या पत्त्यावर कायमचे वळण लावावे, नाहीतर गुगलमधून येणारा वाचक रिकाम्या पानावर आपटतो. याहूने २०१३ मध्ये ११० कोटी डॉलरना घेतलेले टम्बलर हे ब्लॉगचे व्यासपीठ २०१९ मध्ये ऑटोमॅटिक या कंपनीकडे गेले तेव्हा किंमत तीस लाख डॉलरांहूनही कमी असल्याच्या बातम्या होत्या. त्याआधी डिसेंबर २०१८ मध्ये तेथे लागू झालेल्या मजकूरविषयक नव्या निर्बंधांनंतर बराच वापरकर्ता वर्ग निघून गेला होता. शेतकऱ्यांशी रांगड्या बोलीत बोलणारा ब्लॉग एका रात्रीत सरकारी परिपत्रकासारखा बोलू लागला, तर येथेही तेच होईल.

विक्रेत्याने नव्वद दिवस आठवड्यातून ठरावीक तास मदत करावी आणि मालक बदलल्याचे वाचकांना स्वतःच्या शब्दांत सांगणारी एक नोंद लिहावी, हे करारातच असावे. राखून ठेवलेला हप्ता देण्याच्या दिवशी परिशिष्ट पुन्हा समोर घ्यावे, प्रत्येक ओळीवर दोघांनी खूण करावी आणि ज्या ओळीवर खूण होत नाही तिच्यापुरती रक्कम ती ओळ पूर्ण होईपर्यंत थांबवावी.